दोनशे चौदा नंबरची नळी

"हवालदारकाका, आधी तोंड गोड करा, मग सांगते," म्हणत मॅडम थेट नळ्यांच्या खोलीत घुसल्या. घाईत बाहेरच्या चपला काढायच्याही राहिल्या. दुसरं कुणी असतं तर हवालदारांनी दारातूनच माघारी पाठवलं असतं. पण मॅडम पडल्या विभागाच्या प्रमुख, आणि आज त्या पहिला नंबर आलेल्या शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या.

हवालदार बर्नरसमोर बसले होते. तार लाल होईपर्यंत तापवायची, निवू द्यायची, जुन्या नळीतले जिवाणू टोकावर कणभर उचलायचे आणि नव्या नळीतल्या खाद्यावर नागमोडी रेघ ओढायची. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

"काय झालं मॅडम?"

"तुमची दोनशे चौदा! अहो, नवी जात निघाली. जगात कुणाकडे नाही. तिची सगळी जनुकं वाचून आली आज. अगदी जवळच्या नातलगाशीसुद्धा एक्क्याण्णव टक्केच जुळतेय. पंच्याण्णवच्या खाली गेलं की जात वेगळी धरायची. साधी गोष्ट आहे."

हवालदारांनी तार स्टँडला टेकवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अहो, आनंद नाही झाला?"

"झाला ना. झाला की," ते म्हणाले आणि मॅडमनी पुढे केलेला चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला. तो टाळूला चिकटून बसला.

आता हे हवालदार म्हणजे काही पोलीस नव्हेत. ते प्रयोगशाळेतले मदतनीस. संस्थेत जिवाणूंचा एक संग्रह होता. भाज्या, कंद, फळं, देठ सडवून त्यांचा लगदा करणारे सहाशे शहाऐंशी जिवाणू, एकेक आपापल्या काचेच्या नळीत, थंड कपाटात. दिसायला सगळे सारखेच, दुधाळ ओघळ. त्यांची जात ठरवायला हल्ली जनुकं वाचतात. पूर्वी कोण काय खातो, कोण किती उष्णता सोसतो, हे एकेक करून बघायचे. पण जात ठरो न ठरो, त्यांना जिवंत तर ठेवायला हवं! नळीतलं खाद्य सुकतं, संपतं. तसं होण्याआधी नवी नळी करायची. हवालदार रोज सकाळी आल्या आल्या कपाट उघडून बोटानं नळ्या मोजायचे, म्हणून मोठ्या सरांनी त्यांना हे नाव ठेवलं. "काय हवालदार, सगळे हजर?" "हजर, सर." वर्षानुवर्षं हे असंच चाललं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

मोठे सर म्हणजे हा संग्रह उभा करणारे. दोनशे चौदा ही त्यांची लाडकी. तरुणपणी गाजरांच्या एका कोठारात नाकाला रुमाल बांधून शिरले आणि तिला घेऊन आले. पहिल्यांदा त्यांचं नाव झालं ते तिच्यामुळे. तिची नळी ते कुणालाही देत नसत. "माझं थोडं काम राहिलंय, ते झालं की देतो," असं म्हणायचे, आणि ते काम काही शेवटपर्यंत झालं नाही.

"नाव कुणाचं द्यायचं, तेही ठरवलंय मी," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या सरांचं. त्यांच्या हयातीत व्हायला हवं. एकच खडा दाताखाली येतोय बघा."

त्यांनी खिशातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. सरांचं मोत्यासारखं अक्षर.

"सरांनी लिहिलंय, एकोणचाळीस अंशांना वाढते. मी तीनदा बघितलं, नाही वाढत. म्हणजे सरांची नोंदच चुकली. जुनी उपकरणं, तापमान वरखाली झालं असेल. लेखात एक ओळ टाकावी लागेल, मूळ नोंद सदोष होती म्हणून."

"सर चुकायचे नाहीत," हवालदार पटकन बोलून गेले.

"काका, सर काय देव होते? थांबा, त्यांनाच विचारू."

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला आणि टेबलावर ठेवला. सरांचा आवाज खोलीत आला. बारीक झाला होता, पण सरांचाच. बातमी ऐकून ते इतके हरखले की खोकल्याची उबळ आली. मग मॅडमनी एकोणचाळीस अंशांचं विचारलं.

"वाढते असं लिहिलंय मी? मी तर तीन-तीनदा बघायचो हो." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "हवालदार आहे का तिथे?"

"आहे, सर."

"मी चुकायचो का रे?"

हवालदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

"असेल मग," सर म्हणाले. "माझीच चूक असेल. लिहा बाई, चूक होती असं खुशाल लिहा. या वयात मी आता कशाची खात्री देणार?"

फोन बंद झाला. मॅडम चपला वाजवत निघून गेल्या. हवालदार बर्नरच्या ज्योतीकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी मुलीनं विचारलं, "बाबा, बरं नाही का? ताटाला हात नाही लावलात." ती अठ्ठावीस वर्षांची, एका दुकानात चष्मे बनवायची. घरात दोघंच. तिच्यापुढे त्यांनी ते एकोणीस वर्षांपूर्वीचं सगळं बोलून टाकलं.

तेव्हा हवालदारांची बायको सहा आठवडे दवाखान्यात होती. सरांनी सांगितलं होतं, रजा हवी तेवढी घे, फक्त दोनशे चौदाकडे लक्ष ठेव. ती नळी भारी नखऱ्याची. बाकीच्या दोन-तीन महिने तग धरायच्या. हिला पंधरा दिवसांनी नवं खाद्य दिलं नाही की संपली. हवालदारांनी मान हलवली आणि साफ विसरले. कुणाला आठवलं असतं? एका मंगळवारी बायको गेली.

शुक्रवारी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. स्वयंपाकघरातून घाण वास यायला लागला. बायका म्हणाल्या, उंदीर मेला असेल. हवालदारांनी वास ओळखला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बायकोनं बाजारातून बटाटे आणले होते; ओट्याखालच्या टोपलीत ते तसेच राहिले होते. एकाला बोट लावलं तर बोट सरळ आत गेलं. आणि त्या वासासरशी त्यांना दोनशे चौदा आठवली. तीन खेपा चुकल्या होत्या. त्यांनी एक सडका बटाटा डब्यात घातला आणि तडक प्रयोगशाळा गाठली. बटाटा का घेतला, ते त्यांना तेव्हा तरी धड ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्यांनी दोनशे चौदाच्या जुन्या नळीतून चार प्लेटा, म्हणजे खाद्य घातलेल्या काचेच्या ताटल्या, केल्या आणि बटाट्यातून एक. सोमवारी बघतात तर चारही प्लेटा कोऱ्या. पाचवीवर दुधाळ ठिपके. दिसायला तशीच, वासाला तशीच, गाजराच्या चकतीचा लगदा करायलाही तशीच. पंधरा वर्षांनंतरही नोकरी कच्चीच होती, मुलगी नऊ वर्षांची होती, आणि सर बाहेरून विचारत होते, "काय हवालदार, सगळे हजर?" त्यांनी पाचव्या प्लेटेवरून नळी भरली, तिच्यावर दोनशे चौदाची पट्टी चिकटवली आणि म्हणाले, "हजर, सर." दोन वर्षांनी मोठा फ्रीजर आला, तेव्हा त्यातही तीच गेली.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा ग्लास नुसता हातात फिरवत राहिली.

"आईचा डबा होता तो," ती म्हणाली. "निळ्या झाकणाचा. मला आठवतं ना. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशी म्हणाली, डोकं फिरलंय याचं, पोरीला टाकून सडका बटाटा घेऊन ऑफिसला निघालाय. तीन दिवस झाले होते आईला जाऊन, बाबा!"

"हो."

"इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणत होते. वाटायचं, काहीतरी मोठं कारण असेल."

तिनं ग्लास खाली ठेवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अकरा दिवस राहिलेत. गप्प बसा. कोण विचारतंय? सरांचं नाव लागेल, मॅडमचं नाव होईल, तुम्ही हार घालून घरी याल. कशाला नसतं लचांड?"

"सर म्हणाले, माझीच चूक असेल."

"म्हणू दे की. म्हातारी माणसं म्हणतात."

"तू तो आवाज ऐकला नाहीस," हवालदार म्हणाले आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मॅडमच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठं अडखळले नाहीत. रात्रभर मनात तेच घोकलं होतं. मॅडमच्या हातातलं पेन आधी टेबलावर पडलं, मग जमिनीवर. ते कुणीच उचललं नाही.

"आणखी किती?" मॅडमनी विचारलं.

"आणखी म्हणजे?"

"आणखी किती नळ्या बदलल्यात, काका?"

हा प्रश्न येईल असं हवालदारांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी ओरडा खायची तयारी केली होती, नोकरीवर पाणी सोडायची केली होती. हे मात्र वर्मी लागलं.

"हीच एक. मुलीची शपथ."

"शपथा कुठे चिकटवू मी? नळीवर? अहो, किती ठिकाणी पाठवल्यात आपण नळ्या! तुमच्या पट्टीवर विश्वास ठेवून माणसांनी पुस्तकं लिहिलीत. एक नळी खोटी म्हटल्यावर बाकीच्या सहाशे पंच्याऐंशींची हमी कोण देणार? तुम्ही?" मॅडमचा आवाज चिरकला. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

किल्ली गळ्यातल्या दोरीत होती. डोक्यावरून काढताना ती चष्म्यात अडकली. मॅडमना ते बघवेना, त्या खिडकीकडे वळल्या.

त्यानंतर हवालदार रोज वेळेवर येत आणि बाहेरच्या बाकावर बसत. आत जायला मनाई होती. मॅडमनी डोळे मिटून तीस नळ्या उचलल्या आणि त्यांची जनुकं वाचायला पाठवली. बातमी एव्हाना जिन्यापर्यंत पोचली होती. ज्यांना त्यांनी तार धरायला शिकवलं होतं, ते फोन कानाला लावून समोरून जात. झाडूवाली बाई तेवढी म्हणाली, "काय हो हवालदार, जंतूच तो. एक मेला, दुसरा आणला. त्यात एवढं काय?" हवालदारांना हसू आलं.

रविवारी ते सरांकडे गेले. सून दार उघडून आत निघून गेली. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. मॅडमनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. हवालदारांनी तेही स्वतःच सांगितलं. एकोणचाळीस अंशांना तुमची वाढत होती, सर. तुमची नोंद बरोबर होती. जी वाढत नाही, ती तुमची नव्हेच.

सरांनी मान खिडकीकडे वळवली.

"म्हणजे माझी गेली," ते म्हणाले.

"हो, सर."

"दुसरीकडे कुठेच नाही ती. मी कुणाला दिलीच नाही." त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. "निवृत्त झाल्यावर मी दरवर्षी यायचो रे. तू नळी काढून द्यायचास. मी वास घ्यायचो, म्हणायचो, अजून तश्शीच आहे. तू समोर उभा असायचास."

"हो, सर."

"ती मेली हे मी त्याच दिवशी माफ केलं असतं. तुझ्या घरात काय झालं होतं, मला दिसत नव्हतं का? पण तू मला अकरा वर्षं दुसऱ्याच कुणाचा वास दिलास आणि मी खुळ्यासारखा खूश होऊन घरी आलो." आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आणि परवा मी चूक कबूल केली. न केलेली."

हवालदार पाया पडायला वाकले. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"ये आता तू," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर हवालदार एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि तोंडाला रुमाल लावून रडले. बायको गेली तेव्हा त्यांना रडू आलं नव्हतं; नळ्यांच्या मुदती मोजण्यात ते राहूनच गेलं होतं.

शेवटच्या दिवशी तीस नळ्यांचे निकाल आले. मॅडमनी त्यांना आत बोलावलं. बसा म्हणाल्या, पण नजर कागदावरच ठेवली.

"तीसच्या तीस बरोबर आहेत."

"हो."

"बाकीच्याही करून घेणार आहे मी. वर्ष लागो, दोन लागोत. वरिष्ठांना सगळं कळवलंय. समारंभ होणार नाही, ते तुम्हाला समजलं असेलच."

"समजलं."

मॅडमनी संग्रहाची जाड वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. दोनशे चौदाच्या ओळीवर लाल रेघ होती. "इथे मृत म्हणून लिहायचंय. कधी मेली ती?"

"ते नाही सांगता येणार," हवालदार म्हणाले. "मी तिथे नव्हतो."

मॅडमनी पहिल्यांदा वर बघितलं. मग पान उलटून शेवटची रिकामी ओळ दाखवली. नंबर सहाशे सत्त्याऐंशी. "नवी जात आहे ती आहेच. तुम्ही ती कशीही आणली असली तरी. सरांचं नाव आता देता येत नाही. स्वयंपाकघराला लॅटिनमध्ये एक शब्द आहे, त्यावरून देईन म्हणते. ही ओळ तुम्हीच भरा. आणि काका, जे खरं असेल तेच."

हवालदारांनी चष्मा पुसला. 'कशातून' या रकान्यात लिहिलं, सडका बटाटा. 'कुठून', राहत्या घरातलं स्वयंपाकघर, ओट्याखालची टोपली. तारीख न थांबता लिहिली.

"इतकी पक्की लक्षात आहे?"

"शुक्रवार होता," ते म्हणाले.

शेवटचा रकाना होता, 'कुणी मिळवली'. तिथं पेन थबकलं. बटाटे तिनं आणले होते. पिशवी दोन्ही हातांनी धरून, जिन्यात दोनदा थांबत, घरी आली होती. तिचं नाव या वहीत लिहावं, ते जगाच्या अंतापर्यंत राहील, असं त्यांच्या मनात इतक्या जोरानं आलं की त्यांनी पेनाचं टोक कागदाला टेकवलंही. पण तिनं बटाटे आणले होते, जिवाणू नव्हे. एकदा खोटी पट्टी लावून झाली होती. त्यांनी हळूहळू, शाळेत लिहितात तसं, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

मॅडमनी वही फिरवून वाचलं. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," हवालदार म्हणाले.

मॅडम खाली बघून वहीचं पान उगाच नीट करत राहिल्या. हवालदार उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"मॅडम, एकदा मोजू का? हात नाही लावणार."

मॅडमनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. खोलीच्या दाराशी दोघांनीही चपला काढल्या. कपाट उघडल्यावर थंड हवा बाहेर आली आणि तिच्याबरोबर तो जुना ओलसर, आंबूस वास. हवालदारांनी बोट काचेपासून वीतभर लांब धरलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओठ हलत होते. दोनशे तेरानंतर स्टँडमध्ये एक रिकामं भोक होतं. तिथं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. शेवटच्या ओळीत, अगदी टोकाला, सहाशे सत्त्याऐंशीची करकरीत पट्टी लावलेली नवी नळी उभी होती. तिच्यापर्यंत पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. मॅडम तेवढा वेळ मागे उभ्या होत्या.

"सगळे हजर?" मॅडमनी हळूच विचारलं. ते कुठून ऐकलं होतं त्यांनी, कोण जाणे.

"नाही," हवालदार म्हणाले. "एक गैरहजर आहे."

मग त्यांनी कपाटाचं दार दोन्ही हातांनी दाबून नीट लावलं, वारा शिरू नये म्हणून रोज लावत तसं, आणि चपला घालायला बाहेर गेले.